घरावरचं सोलर आणि वळवाची वीज : नाशिककरांसाठी पायरीपायरीने

मे महिन्यातली संध्याकाळ होती. दिवसभर अंगाची लाही झाली होती आणि साडेपाचच्या सुमारास पांडवलेण्याच्या बाजूने ढग चढले. इंदिरानगरात आमच्या घरामागे दोन प्लॉट सोडून एक नारळ होता. वीज पडली ती त्या नारळावर. आमच्या गच्चीवर ओरखडाही नाही. पॅनल शाबूत, वरचा तांब्याचा पाच टोकांचा लायटनिंग अरेस्टर (वीज झेलून जमिनीत उतरवणारा रॉड), म्हणजे सगळे म्हणतात तो ‘एलए’, जसाच्या तसा. पण खाली जिन्याजवळचा इन्व्हर्टर (पॅनलचा एका दिशेचा डीसी करंट घरातल्या एसी करंटमध्ये बदलणारं यंत्र) गेला, राउटर गेला आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही गेला. सोलर बसवणाऱ्याचं उत्तर तयारच होतं : “काका, वीज पडली की वॉरंटी नाही.”

“अरे, पण वीज नारळावर पडली!” याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दोन दिवसांनी ओळखीच्या वायरमनला घेऊन सगळे डबे उघडले. डीसीच्या डब्यात एसपीडी, म्हणजे सर्ज (व्होल्टेजचा, म्हणजे दाबाचा, क्षणभराचा झटका) गिळणारं यंत्र, होतं. पण त्याची अर्थची वायर आधी डब्यातच वेटोळं करून ठेवलेली, मग भिंतीवरून चार-पाच मीटर फिरून पिटात, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, उतरलेली. पिटातला रॉड वायरमनने सहज हलवून पाहिला तर तो उपटून हातातच आला. दीड फुटाचा होता. खाली खडक लागला म्हणून कापलेला.

तेव्हापासून नवीन सोलर बसवून घेणाऱ्यांना मी एकच सांगतो : गच्चीवर जे चकचकीत दिसतं त्यावर नका जाऊ, जमिनीखाली काय आहे आणि वायर कुठून कशी फिरली आहे ते बघा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. एक खुलासा आधीच करतो. मराठीत दोन्हींना वीजच म्हणतात, म्हणून इथे आकाशातली ती ‘वीज’, आणि तारेतला तो ‘करंट’ किंवा ‘लाइट’, घरात बोलतो तसं.

आधी समजून घ्या : वीज घरात येते कुठून

थेट घरावर वीज पडणं तसं विरळा. बहुतेक इन्व्हर्टर मरतात ते आजूबाजूला पडलेल्या विजेने. विजेच्या एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर करंट सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात चढतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र आसपासच्या प्रत्येक वायरीत दाब निर्माण करतं. पॅनलची प्लस वायर एका बाजूने आणि मायनस दुसऱ्या बाजूने फिरवली असेल, तर मध्ये मोठा घेर तयार होतो आणि तो घेर अँटेनासारखं काम करतो. दुसरा रस्ता महावितरणच्या तारेचा : वीज पडते दूर कुठे तरी लाइनवर आणि सर्ज येतो मीटरमधून आत. तिसरा रस्ता कुणाच्या लक्षात येत नाही. केबल टीव्हीची वायर, ब्रॉडबँडची तांब्याची वायर, गच्चीवरच्या सीसीटीव्हीची वायर. माझा राउटर बहुधा त्याच वाटेने गेला.

पायरी १ : कागदावर आकडे मांडा

पॅनलच्या पाठीमागे स्टिकर असतं. त्यावरचे दोन आकडे वहीत लिहा : ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट. घरगुती ३ किलोवॅटला बरेच जण ५४० वॅटचे ६ पॅनल एका ओळीत जोडतात. एकाचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ धरलं तर सहांचे झाले २९७ व्होल्ट. हा आकडा २५ अंशांचा आहे. पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, अंशाला साधारण पाव टक्क्याहून थोडं जास्त. निफाडकडे थंडीत पारा ५ अंशांखाली जातो. तिथे डिसेंबरच्या पहाटे ऊन आलं की हेच पॅनल ३१३-३१४ व्होल्टपर्यंत जातील. म्हणून डीसीचं सगळं सामान, म्हणजे एसपीडी, आयसोलेटर (डीसी तोडायचा स्विच), एमसीबी, ६०० व्होल्ट डीसीचं घ्या. त्याच वहीत पॅनल ते इन्व्हर्टर वायर किती मीटर आहे तेही लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

पायरी २ : अर्थिंग. इथे घाई नको

आपल्याकडे तीन पिट करायची पद्धत आहे : एक डीसीचा (पॅनलच्या फ्रेम, स्ट्रक्चर आणि डीसी एसपीडी), एक एसीचा (इन्व्हर्टरची बॉडी आणि एसी एसपीडी) आणि एक एलएचा. कोटेशनमध्ये हे सगळं ‘अर्थिंग किट व एलए’ अशा एका ओळीत उरकलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त चोरी तिथेच होते, कारण खड्डा बुजला की कोण बघायला जातंय.

नाशिकची जमीन यात मदत करत नाही. नदीकाठाला, आडगाव-ओझर-निफाडकडे काळी माती खोल आहे. ती पावसात छान ओलसर असते, पण उन्हाळ्यात भेगा पडून रॉडपासून सुटते. पाथर्डी फाट्याकडे किंवा म्हसरूळच्या चामर लेण्याच्या बाजूला तर दोन-तीन फुटांवर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ज्या बेसाल्टमध्ये पांडवलेणी कोरली त्यातच आपला मजूर तीन मीटरचा रॉड ठोकायला बघतो. तो जात नाही. मग हॅकसॉ निघते.

खडक लागला तर हे करा :

रॉड कापू देऊ नका. बोअर मारायची सोय असेल तर छोटं भोक घेऊन रॉड पूर्ण उतरवा आणि भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) पूड कालवून भरा. ते शक्य नसेल तर एका खोल रॉडऐवजी कमी खोलीचे दोन-तीन रॉड घ्या, त्यांच्यात निदान एका रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवा आणि पट्टीने जोडा. शेजारीशेजारी ठोकलेले दोन रॉड एकाचंच काम करतात. तेही जमत नसेल तर कंपाउंडच्या कडेने चर खणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी आडवी पुरता येते. बंगल्याच्या प्लॉटमध्ये हा उपाय चांगला चालतो, बाग असेल तर आणखी चांगला, कारण झाडांना घातलेलं पाणी पट्टीलाही मिळतं.

कोळसा-मिठाची जुनी पद्धत अजून चालते. काम करते, नाही असं नाही. पण मीठ पावसात वाहून जातं आणि जीआयचा पाइप खातं. नवीन करत असाल तर बेंटोनाइटच बरं.

मग मोजणी. अर्थ टेस्टर घेऊन दोन खुंट्या ठोकून मोजणारा माणूस बोलवा. मल्टिमीटरने अर्थिंग मोजता येत नाही, कुणी तसं करत असेल तर चहा पाजून परत पाठवा. डीसी आणि एसीच्या पिटाला ५ ओहमपेक्षा कमी आणि एलएच्या पिटाला १० च्या आत आकडा हवा. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये नाशिकला कुठलाही पिट पास होतो.

तीन पिट एकमेकांना जोडायचे की नाही, यावर वायरमन मंडळींत कायमचा वाद आहे. माझं मत ऐकण्याआधी हिशोब बघा. एलएमधून ३०,००० अँपिअर उतरले आणि पिट ५ ओहमचा असेल, तर त्या क्षणी तो पिट दीड लाख व्होल्टवर चढतो. शेजारचा डीसीचा पिट शून्याजवळ. हा फरक उडी मारायला जागा शोधतो, आणि ती जागा बहुतेक वेळा तुमचा इन्व्हर्टर असते. म्हणून आयएस/आयईसी ६२३०५ हे विजेपासून संरक्षणाचं मानक घराचं अर्थिंग एकत्र जोडलेलं असावं याच बाजूचं आहे. महावितरणच्या तपासणीला तीन चेंबर दिसू देत, पण जमिनीखालून त्यांना पट्टीने जोडून घ्या. वर, गच्चीवर मात्र एलएची पट्टी पॅनलच्या स्ट्रक्चरला टेकवायची नाही.

पायरी ३ : एलए

उंच रॉड, पॅनलपासून साधारण एक मीटर लांब, स्वतंत्र पाइपवर. रॉडच्या टोकापासून ४५ अंशांत खाली रेघ ओढली तर सगळे पॅनल त्या छत्रीत यायला हवेत. घर लांबट असेल तर दोन रॉड लावा, एकाच रॉडची उंची वाढवत नेऊ नका. जागा पॅनलच्या उत्तरेला, म्हणजे सावली पडत नाही. नाशिकवर २० मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे २३ जुलैच्या सुमारापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, पण तेव्हाची दुपारची सावली नखाएवढी. उत्पादनावर फरक पडत नाही.

खाली येणारी पट्टी ५० चौ. मिमीपेक्षा कमी नको. २५ × ३ मिमीची जीआय पट्टी घेतली की प्रश्न मिटला. ती सरळ खाली आणा. वीज वळणावळणाने जात नाही. काटकोनात दुमडलेल्या पट्टीतून ती बाहेर उडी मारते. खिडकीपासून आणि माणसं टेकून बसतात त्या कट्ट्यापासून लांब ठेवा. सुंदर दिसावं म्हणून लोखंडी पाइपात घालणारे असतात, त्यांना थांबवा.

‘शंभर मीटरचा परिसर सुरक्षित’ म्हणून गोल डोक्याचा महाग अरेस्टर विकायला कुणी आलं, तर त्याला विचारा की ६२३०५ मध्ये हा जादा परिसर कुठे मान्य केला आहे. तिथे तो नाही. साधा टोकदार रॉड पुरतो. वाचलेले पैसे पिटात घाला.

एक गोष्ट उलटी वाटेल पण लक्षात ठेवा : घरावर एलए बसवला की आतली जबाबदारी वाढते. आता वीज तुमच्या घराच्या पिटात उतरणार, म्हणून मेन बोर्डवर टाइप १, म्हणजे थेट विजेचा करंट झेलणारा, (किंवा टाइप १+२) एसपीडी लागतोच. त्याच्याशिवाय नुसता एलए म्हणजे पाहुण्याला बोलावून दार बंद करण्यासारखं आहे.

पायरी ४ : फ्रेम जोडणं

पॅनलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो करंट अडवतो. नुसता नट-बोल्ट कसला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. दातेरी वॉशर किंवा अर्थिंग क्लिप हवी, वायर फ्रेमच्या अर्थच्या खुणेच्या भोकातच हवी आणि लग (वायरीच्या टोकाची कडी) टिनचा मुलामा दिलेला हवा. उघडं तांबं ॲल्युमिनियमला भिडलं की दोन पावसाळ्यांत पांढरी पावडर होते. गच्चीवर सोलर गीझरचे लोखंडी पाइप आणि डिशची छत्री असेल तर त्यांनाही याच अर्थला घ्या.

पायरी ५ : एसपीडी, आणि त्याहून महत्त्वाची त्याची वायर

डीसी बाजूला ६०० व्होल्ट डीसीचा टाइप २ (आजूबाजूच्या विजेचा सर्ज झेलणारा) चालतो, पण पायरी ३ मधलं एक मीटरचं अंतर ठेवता आलं नसेल तर तिथेही टाइप १+२ घ्या. एसी बाजूला २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घेतला तर बरा, कारण आपल्या लाइनचा दाब दुपारी चढतो. पॅनल ते इन्व्हर्टर वायर दहा मीटरहून लांब असेल (वहीत पाहा) तर एक डीसी एसपीडी वर गच्चीवर आणि दुसरा इन्व्हर्टरजवळ. दोन मजली बंगल्यात बहुतेक वेळा दोन लागतात. एसी बाजूला इन्व्हर्टर आणि मेन बोर्ड लांब असतील तर हाच नियम.

आता वायर. एसपीडीला जाणारी आणि त्यातून अर्थच्या बारला जाणारी वायर मिळून अर्धा मीटरपेक्षा जास्त नको. कारण सर्जच्या वेगात सरळ तांब्याच्या वायरीवरही मीटरमागे हजारेक व्होल्टचा दाब तयार होतो. साडेचार मीटर फिरवलेली माझी वायर म्हणजे साडेचार हजार व्होल्ट, तेही एसपीडीने आपलं काम चोख केल्यावर. इन्व्हर्टर काय करणार बिचारा. डब्यातच अर्थचा बार घ्या, इन्व्हर्टरची बॉडी त्याच बारला जोडा आणि तिथून एक जाड वायर पिटाकडे न्या. वेटोळं करून ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेली वायर सरळ कापून टाका.

प्लस आणि मायनस वायर एकत्र बांधून, एकाच पाइपातून खाली आणा. पॅनलखालीही परतीची वायर जाणाऱ्या वायरीच्या अंगाला लागून यावी. सुरुवातीला सांगितलेला तो घेर असा मिटतो, आणि याला एक पैसा जास्त लागत नाही. फक्त बांधणाऱ्याच्या शेजारी उभं राहावं लागतं.

एसपीडीच्या खिडकीत हिरवा रंग असतो. लाल झाला की तो कामी आला, कार्ट्रिज बदला.

पायरी ६ : वीज न पडताही होणारे घोटाळे

डीसीचा ठिणगीचा स्वभाव वेगळा. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ढिल्या जोडात लागलेली ठिणगी वेल्डिंगसारखी जळत राहते. म्हणून डीसीच्या डब्यात एसीचा एमसीबी म्हणजे आगीला आमंत्रण. त्यावर डीसी लिहिलेलं आहे का आणि प्लस-मायनसची बाजू बरोबर आहे का, स्वतः वाचा. एमसी४ कनेक्टरचे (पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगचे) दोन्ही भाग एकाच कंपनीचे हवेत. वेगळ्या कंपनीचे ‘बसतात’, पण आत घट्ट धरत नाहीत. चालू सिस्टीममध्ये हे कनेक्टर हाताने ओढून कधीही काढू नका. बंद करताना आधी एसी, मग डीसी. चालू करताना उलट.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर ‘आयसो फॉल्ट’ किंवा ‘ग्राउंड फॉल्ट’ दिसला आणि दुपारी आपोआप गेला, तर समजा की कुठल्या तरी कनेक्टरमध्ये पाणी आहे किंवा वायरीचं कव्हर फाटलं आहे. आमच्याकडे तो पराक्रम खारीचा होता. पुन्हा पुन्हा रीसेट मारून दिवस ढकलू नका, त्या वायरीचा करंट स्ट्रक्चरवर येतो आणि ओल्या गच्चीवर तुम्ही अनवाणी फिरता. कनेक्टर गच्चीच्या फरशीवर लोळत नकोत, पॅनलखाली उचलून बांधलेले हवेत.

खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. इन्व्हर्टर स्वतःला वाचवून बंद होतो, फ्रिज मरतो. इथे एसपीडीकडून अपेक्षा ठेवू नका, तो क्षणभराच्या सर्जसाठी आहे. सतत जास्त दाब मिळाला तर तोच जळतो, म्हणून त्याच्या आधी एमसीबी किंवा फ्यूज असायला हवा. मेन बोर्डवर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. घराचा ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (गळणारा करंट ओळखून लाइट पाडणारा स्विच) आणि इन्व्हर्टरचा वेगळा ठेवा, नाहीतर पावसात रोज ट्रिप होऊन वैताग. इन्व्हर्टरचा कितीचा हवा ते त्याच्या पुस्तिकेत असतं.

पायरी ७ : शेवटचा हप्ता द्यायच्या आधी

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे कोटेशनकडे कुणी बारकाईने बघत नाही. तुम्ही बघा. पिट बुजवण्याआधी रॉडचा फोटो शेजारी टेप धरून काढा. अर्थ टेस्टरचे आकडे लेटरहेडवर घ्या. एसपीडीचा टाइप, व्होल्टेज आणि वायरीची लांबी स्वतः पाहा. हे सगळं हातात आल्यावर पैसे. घराच्या विमा पॉलिसीत पॅनल आणि इन्व्हर्टर नाव घालून लिहून घ्या, कारण विजेचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. डबे उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आपण फक्त बाजूला उभं राहून प्रश्न विचारायचे.

पायरी ८ : वळीव आला की

पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. आसपास विजा पडू लागल्या की ते सांगतं. वीज चमकल्यापासून गडगडाट यायला ३० सेकंदांपेक्षा कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, गच्चीवरून खाली या. वाळवणाची कुरडई भिजली तर भिजू दे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही, आणि तोवर डब्याला किंवा इन्व्हर्टरलाही हात लावायचा नाही. बंद करायचंच असेल तर ढग लांब असतानाच करा. खरं तर स्विच पाडल्याने काही मिलिमीटरची फट पडते, आणि आकाशातून किलोमीटरभर उडी मारलेल्या विजेला तिचं काय. मी आता बंद करत नाही. राउटर आणि टीव्हीची वायर मात्र आधीच काढतो.

पाऊस गेला की दुसऱ्या दिवशी : एसपीडीच्या खिडक्या, इन्व्हर्टरवरचा संदेश, कुठे जळका वास. डब्यातून धूर दिसला तर एसी पाडा, जमलं तर डीसी आयसोलेटर पाडा आणि १०१ ला फोन करून ‘घरावर सोलर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. उन्हात पॅनल करंट देतच राहतात, त्यामुळे बादलीने पाणी मारायला जाऊ नका.

वर्षातून एकदा मी अक्षय्य तृतीयेच्या आसपास सगळं बघतो. चेंबर उघडून लगचा गंज, नट-बोल्ट, मोजणी. पिटात दोन बादल्या पाणी. संक्रांतीला गच्चीवर आलेला मांजा पॅनलच्या कोपऱ्यात वायरीला करकचून बसलेला असतो, तोही तेव्हाच निघतो. यंदा त्यात पॅनलखाली एक कबुतराचं घरटंही होतं, दोन अंड्यांसकट. पिल्लं उडून जाईपर्यंत तेवढी एक वायर तपासायची राहिली आहे.